अध्यक्षसाहेब, परदेशात कंपनी घेताना

अध्यक्षसाहेब, सरकारी कंपनीची खुर्ची मिळाली, अभिनंदन! निवृत्तीला फार वेळ नाही, तेव्हा परदेशातली एखादी तेल कंपनी किंवा खाण घेऊन टाका. नारळ तुमच्या हातून फुटला पाहिजे.

मुहूर्त मात्र बघून. भाव पडलेले असताना खरेदी केलीत तर ‘बुडत्या धंद्यात पैसा घातला’ अशी बोंब होते. सरकारी ओएनजीसीची परदेशात तेल शोधणारी कंपनी ओएनजीसी विदेश, तिनं 2001 मध्ये रशियातल्या सखालिन-1 या तेलप्रकल्पात 20 टक्के वाटा घेतला, तेव्हा तेल पिंपाला 25 डॉलरच्या आसपास होतं. पुढे तो वाटा भरपूर फळला. असे अपघात होतात, मनावर घेऊ नका.

गिरवायचाच तर त्याच कंपनीचा 2008 चा कित्ता गिरवा. जुलैत तेल 147 डॉलरवर गेलं आणि ऑगस्टमध्ये इम्पीरियल एनर्जीवर बोली लागली. कंपनी लंडनच्या बाजारातली, विहिरी सायबेरियातल्या तोम्स्कला. जानेवारी 2009 मध्ये सुमारे 2.1 अब्ज डॉलर मोजून सौदा पुरा झाला, तोवर तेल चाळिशीच्या घरात आलेलं. भाव चढा असताना घेतलं की त्याला दूरदृष्टी म्हणतात.

आता सौद्याच्या हिशेबाचा तक्ता. एक्सेलच्या तळाच्या ओळीत परतावा कमी दिसला तर वर उत्पादनाचा रकाना असतो, तिथे जरा हात सैल सोडा. सल्लागार बँकर हे काम तुमच्यापेक्षा मन लावून करेल, कारण सौदा झाला तरच त्याची मोठी फी निघते. त्याच्या अहवालाचं शेवटचं पान तेवढं वाचू नका. आकडे विक्रेत्याकडून आलेत, आम्ही पडताळलेले नाहीत, असं तिथे मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात लिहिलेलं असतं. इम्पीरियलच्या विहिरींनी तक्ता वाचला नव्हता. तेल अंदाजापेक्षा फारच कमी निघालं आणि 2011 मध्ये कॅगनं ताशेरे ओढले. कॅगचं पत्र येतं तेव्हा खुर्चीत सहसा दुसराच कुणीतरी बसलेला असतो. पद्धत चांगली आहे.

संचालक मंडळात कुणी किमतीवर अडलंच, तर ‘चीन घेऊन जाईल’ एवढं म्हणा. चीनच्या सीनूक या सरकारी तेल कंपनीनं 2012 मध्ये कॅनडाच्या नेक्सेन या तेल कंपनीला बाजारभावावर 61 टक्के जास्त देऊ केले होते. तिकडेही बहुधा कुणीतरी कुणाची तरी भीती घातली असणार.

एकट्यानं घ्यायचं धाडस नसेल तर मोट बांधा. सेल, कोल इंडिया, एनटीपीसी, एनएमडीसी आणि राष्ट्रीय इस्पात या पाच सरकारी कंपन्यांनी 2009 मध्ये परदेशी कोळशासाठी एक कंपनी काढली. दोष पाच जणांत वाटला की वाट्याला चिमूटभरच येतो. तिनं 2014 मध्ये मोझांबिकमधली बेंगा खाण आणि तिच्यासोबतची कोळशाची इतर मालमत्ता रिओ टिंटो या बड्या खाण कंपनीकडून 5 कोटी डॉलरला घेतली. रिओनं ती सगळी मालमत्ता तीनच वर्षांपूर्वी साडेतीन अब्ज डॉलरहून जास्त मोजून घेतलेली! कोळसा झांबेझी नदीतून तराफ्यांवर न्यायचा रिओचा बेत होता, मोझांबिकनं परवानगी नाकारली. मूळ मालक कवडीमोलानं का विकतोय, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नाही.

आणि इतकं करूनही नफा झालाच तर? त्याचीही सोय आहे. 2016 मध्ये आपल्या सरकारी तेल कंपन्यांनी रशियातल्या व्हान्कोर तेलक्षेत्रात वाटा घेतला. लाभांश छान येत होता. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि तो रशियातल्या बँकांतच अडकला. हिशेबात दिसतो, हातात येत नाही.