जामीन झाला, पण फिर्यादीला कळवलं कुणी?

आमच्या ठाण्यात, वागळे इस्टेटच्या बाजूला कुणी पोरीच्या मागे लागून आत गेला आणि चार दिवसांत सुटून आला, की गल्लीचा निकाल तयार असतो : ‘जामीनच बंद करा.’ मला हे पटत नाही. पण ‘जामीन हा नियम, तुरुंग हा अपवाद’ एवढं तोंडावर फेकून विषय मिटवणाऱ्यांचंही पटत नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९७७ साली ते तत्त्व मांडलं, तेव्हा त्याच वाक्यात अपवादही घातले होते : आरोपी पळेल, साक्षीदारांना धमकावेल किंवा पुन्हा गुन्हा करेल अशी चिन्हं असतील तर जामीन नाही. हा उरलेला भाग सोयीने गळतो.

कोर्ट नाक्यावर प्रत्यक्षात काय चालतं? रक्कम आणि जामीनदार. ज्याच्याकडे पैसे आहेत तो कितीही धोकादायक असो, कॅश बेल भरून संध्याकाळी घरी. मोबाईल चोरलेल्या पोराला रेशनकार्डवाला जामीनदार मिळत नाही, म्हणून तो ठाणे जेलमध्ये. २०२२ अखेर देशात दर चार कैद्यांमागे जवळपास तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले होते. यातून वस्ती सुरक्षित झाली असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं!

धोक्याचा विचार होतो तो आयओच्या ‘से’मध्ये, म्हणजे तपास अधिकाऱ्याने जामीन अर्जावर दिलेल्या लेखी म्हणण्यात. तिथे बहुतेकदा तेच छापील वाक्य, ‘आरोपी पुन्हा असे गुन्हे करण्याची शक्यता आहे.’ सराईतालाही तेच, पहिलटकरालाही तेच. आरोपी फिर्यादीच्याच चाळीत राहतो का, आधी धमक्या दिल्या का, मागच्या जामिनाच्या अटी मोडल्या का, हे त्यात क्वचितच असतं. शेतकऱ्यांना गाडीखाली चिरडल्याच्या लखीमपूर खीरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं, की जामिनाच्या सुनावणीतही पीडितांना बाजू मांडण्याचा हक्क आहे. आमच्या ओळखीच्या एका बाईला मात्र सुनावणी झाल्याचंच माहीत नव्हतं. तो रिक्षा स्टँडवर उभा दिसला तेव्हा कळलं.

त्याच वर्षी सतेंदर कुमार अंतिल निकालात न्यायालयाने जामिनाचा वेगळा कायदा करण्याचा विचार करा, असं सरकारला सुचवलं. १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत, पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर सुटकेची तरतूद आली (फाशी-जन्मठेपेचे गुन्हे वगळून). चांगलंच झालं. पण वेगळा कायदा काही आला नाही.

तो आला तर त्यात पैशाची अट जवळपास नसावी. सरकारला कुणी धोकादायक वाटत असेल तर तसं उघड म्हणावं, पुरावा द्यावा, आरोपीला वकील मिळावा, न्यायाधीशाने कारणं लिहावीत आणि खटला ठरलेल्या मुदतीत चालावा, नाहीतर सोडावं. ‘धोका’ म्हणून शिक्का मारायला तडीपारी आणि खटल्याशिवाय आत ठेवणारा १९८१ चा झोपडपट्टीदादांचा कायदा आहेतच, आणखी एक मोकळा शिक्का नको. आपल्याच तळोजा जेलमध्ये ठेवलेले ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी, आदिवासींसाठी काम करणारे पाद्री, जुलै २०२१ मध्ये कच्चे कैदी म्हणूनच वारले. त्यांच्यापासून कुठल्या वस्तीला धोका होता?

आणि फिर्यादीला सुटकेचा मेसेज पाठवायला संसदेची वाट कशाला बघायची? ई-चलानाचा येतोच की लगेच.