दोनशेपैकी बारा

महाग फोन कसा वापरावा हे शिकवणारे गल्लोगल्ली भेटतात. त्यातलं काय काय बंद करावं, हे मात्र ज्याचं त्यालाच शोधावं लागतं, आणि माझ्या मते मालकाचं खरं काम तेच. सव्वा लाखाचा अँड्रॉइड फोन घेणारा माणूस पहिल्या आठवड्यातच त्याचं एकेक वैशिष्ट्य झाकतो, मिटवतो, उतरवतो, आणि वीस हजारांच्या फोनाशी जमेल तितकं साम्य आणतो. हे तो अडाणीपणाने करत असता तर वाईट वाटलं नसतं. तो हे पूर्ण माहिती काढून करतो.

उदाहरणाला सॅमसंगचा गॅलेक्सी एस२४ अल्ट्रा घेऊ. जानेवारी २०२४ मध्ये भारतात आला तेव्हा किंमत १,२९,९९९ रुपयांपासून पुढे. (त्या वाचलेल्या एका रुपयात पूर्वी निदान पेपरमिंटची गोळी यायची.) पाठीवर २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा. हा आकडा खोक्यावर असतो, जाहिरातीत असतो, मालकाच्या तोंडी असतो. फोटोत तेवढा नसतो. कॅमेरा उघडून नुसतं बटण दाबलं की फोटो निघतो १२ मेगापिक्सेलचा. कारण सेन्सरवरचा एकेक पिक्सेल जेमतेम ०.६ मायक्रॉनचा, एवढ्याशा खिडकीतून उजेड येणार किती? म्हणून चार बाय चार असे सोळा पिक्सेल एकत्र धरून त्यांचा २.४ मायक्रॉनचा एक केला जातो. दोनशे भागिले सोळा, बारा आणि वर थोडं. हे योग्यच आहे. रात्रीच्या हॉलमधले लग्नाचे फोटो त्यामुळेच बरे येतात. अख्खे दोनशे हवे असतील तर वरच्या पट्टीत जाऊन ते मुद्दाम निवडायचे, भर दुपारचं ऊन शोधायचं, हात स्थिर धरायचा, आणि एकेका फोटोची फाइल सहज तीसेक एमबींची झाली की पुन्हा बारावर यायचं.

बारावर तरी कुठे थांबतो? लगेच मागून आवाज येतो, "छान आलाय रे, मला पाठव." व्हॉट्सॲप साध्या दर्जात फोटोची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर आणतं, म्हणजे उरले दोन मेगापिक्सेल. ऑगस्ट २०२३ पासून एचडीचं बटण आलंय, तेही फोटो दाबतंच, जरा हलक्या हाताने. मूळ फोटो जसाच्या तसा पोचवायचा असेल तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडावा. पण काकूंना डॉक्युमेंट म्हणून फोटो पाठवला की त्यांचा फोन येतो: "काहीतरी कागद आलाय तुझ्याकडून, उघडत नाहीये, बँकेचं काही आहे का?" मग तुम्ही निमूटपणे दोनवाला पाठवता.

पडद्याचं तसंच. पूर्ण ताकद ३१२० बाय १४४० ठिपक्यांची, पण कंपनी फोन देतानाच तो २३४० बाय १०८० वर लावून देते. गुणाकार केला तर विकत घेतलेल्या ठिपक्यांपैकी ४४ टक्के पहिल्या दिवसापासून सुट्टीवर. सेटिंग्ज, डिस्प्ले, स्क्रीन रेझोल्यूशन असं जाऊन त्यांना कामावर बोलावता येतं. फरक दिसतो का? फोन डोळ्यांपासून चार बोटांवर धरून अगदी बारीक अक्षर वाचलं तर दिसतो. बॅटरीला मात्र तो ताबडतोब दिसतो. आठवडाभराने बहुतेक मालक १०८० वर परततात आणि त्याबद्दल घरात काही बोलत नाहीत.

आता काच. हा विषय सविस्तर बोलण्यासारखा आहे, कारण मालक सगळ्यात जास्त घाम इथे गाळतो. या फोनच्या काचेवर प्रतिबिंब ७५ टक्क्यांपर्यंत कमी पडतं, असा कंपनीचा दावा आहे, आणि उन्हात दुसरा फोन शेजारी धरला तर फरक खरोखर जाणवतो. ही काच घेतल्यावर मालक त्याच संध्याकाळी टेम्पर्ड ग्लास लावून घेतो. टेम्पर्ड साधी असते, चकचकीत असते, आणि त्यात ट्यूबलाइट, पंखा, टेम्पर्ड लावणाऱ्याचा चेहरा असं सगळं स्वच्छ दिसू लागतं. पैसे देऊन घालवलेलं प्रतिबिंब पुन्हा पैसे देऊन परत आणलं. पण टेम्पर्ड न लावण्याचा सल्ला मीही देणार नाही. किल्ली किंवा नाणं या काचेला ओरखडा पाडू शकत नाही, वाळू पाडते. वाळूत गारगोटी असते, तिचा कठीणपणा मोह्सच्या मापावर ७, आणि फोनच्या बहुतेक काचा ६ ते ७ च्या दरम्यान हार मानतात. अलिबागहून परतलेल्या पँटच्या खिशाला म्हणून किल्ल्यांपेक्षा जास्त भ्यावं.

लावताना खरी गंमत बोटाच्या ठशाची. पडद्याखालचा सेन्सर ध्वनिलहरींवर चालतो: लहरी काचेतून वर जातात, बोटाच्या रेषांवर आपटतात, परत येतात. मध्ये हवेचा पातळसा थर आला तरी त्या तिथूनच माघारी फिरतात. ज्या टेम्पर्डला फक्त कडेला गोंद असतो ती अशी हवा कोंडून ठेवते, म्हणून ती या फोनला चालत नाही. पूर्ण पृष्ठभागाला गोंद असलेली घ्या. दुकानदार यूव्ही गोंदाची सुचवेल. तिच्यात पातळ द्रव ओतून वरून जांभळ्या दिव्याखाली सुकवतात. ठसा छान चालतो, पण द्रव जास्त पडला तर तो वरच्या स्पीकरच्या फटीत आणि बाजूच्या बटणांत उतरून तिथेच घट्ट होतो. ओतण्याआधी फटींवर चिकटपट्टी लावायला सांगा. दुकानदार "काही होत नाही साहेब" म्हणेल. तरी सांगा.

ग्लास बसली की जुने ठसे पुसून नव्याने नोंदवायचे, 'टच सेन्सिटिव्हिटी' चालू करायची, आणि नेहमीचा अंगठा दोन वेळा, दोन वेगळे ठसे म्हणून नोंदवायचा. ओळख पटण्याचं प्रमाण सुधारतं. भलतं आवरण लावल्यावर काय होतं ते २०१९ मध्ये गॅलेक्सी एस१० आणि नोट १० च्या वेळी जगाने पाहिलं. काही सिलिकॉन आवरणांवरची नक्षीच सेन्सरने ठसा म्हणून ओळखली, आणि फोन कोणाच्याही बोटाने उघडू लागला. कंपनीला घाईने सुधारणा पाठवावी लागली. बायकोने फोन उघडल्यावर 'सेन्सरमध्ये दोष आहे' हे कारण खरं ठरण्याचा इतिहासातला तो एकमेव काळ असावा.

मागे टायटॅनियमची चौकट आणि काचेची पाठ. रंग निवडायला घरच्यांची बैठक बसलेली असते: करडा, काळा, जांभळा की पिवळा? निवडून झालं की वर कव्हर येतं. फोन मुळात २३२ ग्रॅमचा, त्यात कव्हर, म्हणजे शर्टाचा खिसा पावशेरापुढे जातो आणि माणूस किंचित डावीकडे कलतो. पारदर्शक कव्हर घेऊन रंग दिसेल या भ्रमात राहू नका. त्यातलं लवचीक प्लास्टिक ऊन आणि उष्णतेने काही महिन्यांत पिवळं पडतं, मग प्रत्येक फोन पिवळाच. लोहचुंबकाच्या झाकणाचं पाकीटवजा कव्हर तर घेऊच नका: चुंबकाने फोनच्या पोटातलं लिहायचं पेन पडद्यावर भलतीकडे उठतं, आणि मागे धातूची पट्टी असली तर वायरलेस चार्जिंग होत नाही.

चार्जर खोक्यात नसतो. २०२१ पासून नाही. पर्यावरणासाठी, असं सांगतात. घरातला जुना चार्जर लावला की पडद्यावर 'फास्ट चार्जिंग' उमटतं आणि माणूस खूश होतो. पण इथला 'फास्ट' म्हणजे कल्याणच्या पुढे सगळीकडे थांबणारी फास्ट लोकल. तो १५ वॉट. 'सुपर फास्ट' म्हणजे २५ वॉट. ४५ वॉट हवे असतील तर 'सुपर फास्ट २.०' ही अक्षरं दिसली पाहिजेत, आणि त्यासाठी चार्जरवर पीडी आणि पीपीएस ही दोन्ही अक्षरं लागतात. पीपीएसमध्ये फोन आणि चार्जर सतत बोलून व्होल्टेज थोडं थोडं वरखाली करतात. चार्जर कितीही वॉटचा असो, पीपीएस नसेल तर हा फोन पंधरावरच राहतो. वायरही ५ अँपिअरची हवी, जिच्या टोकात ओळख सांगणारी चिप असते. ३ अँपिअरच्या वायरीवर ४५ वॉट मिळत नाहीत.

एवढं सगळं जमवल्यावर जाणकार मालक काय करतो? रात्रीसाठी फास्ट चार्जिंग बंद करतो. आणि 'बॅटरी प्रोटेक्शन'मध्ये जाऊन 'मॅक्झिमम' निवडतो, म्हणजे चार्ज ८० टक्क्यांवर थांबतो. ५००० एमएएचपैकी ४००० वापरायचे, हजार शिल्लक. तर्क बरोबर आहे: लिथियमची बॅटरी पूर्ण भरलेल्या अवस्थेत आणि गरम असताना सगळ्यात लवकर झिजते, आणि मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला दोन्ही एकदम होतं. शिवाय फोनला सात वर्षं अपडेट मिळणार आहेत. बॅटरी तोवर टिकली पाहिजे. फक्त संध्याकाळी सहाला फोन १२ टक्क्यांवर येतो, तेव्हा तो हजारचा ठेवा आठवून जीव कळवळतो.

पावसाळा आला की आयपी६८ ची परीक्षा, खरं तर मालकाच्या श्रद्धेची. या फोनचं आयपी६८ म्हणजे गोड्या पाण्यात दीड मीटरवर अर्धा तास, तेही प्रयोगशाळेत, शांत पाण्यात, नव्या फोनला. समुद्राचं पाणी त्यात नाही, तरणतलावाचं क्लोरीनचं नाही, सांडलेला चहा तर नाहीच नाही. पाणी शिरल्याची दुरुस्ती वॉरंटीत सहसा बसत नाही, आणि आतली पांढरी खूणपट्टी लाल झाली की सर्व्हिस सेंटरमधला माणूस एकदम कायद्याच्या भाषेत बोलू लागतो. म्हणून जलरोधक फोन दादरच्या फुलबाजारात प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात, रुमाल आतल्या खिशात असा फिरतो. मीही हेच करायला सांगेन. समुद्राच्या पाण्यात पडलाच तर लगेच गोड्या पाण्याने धुवा. मीठ पाण्यापेक्षा वाईट.

पाणी आत गेलं नाही तरी चार्जिंगच्या भोकात दमटपणा बसतो आणि पडद्यावर थेंबाचं चिन्ह येतं: ओलावा आहे, वायर काढा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, पिठाचे कण भोकात जातात. हेअर ड्रायर नको, फुंकर नको, कापूस गुंडाळलेली काडी नको. भोक खाली करून तळहातावर हलके आपटा, पंख्यासमोर ठेवा, घाई असेल तर वायरलेसने चार्ज करा. पूर्ण कोरडा असूनही थेंब हटत नसेल तर फोन बंद करून वायर लावून पाहा. पुष्कळदा चार्ज होतो. तेही जमलं नाही तर ॲप्समध्ये सिस्टीम ॲप्स दाखवून 'यूएसबी सेटिंग्ज'चा कॅश पुसा. तरीही थेंब राहिला तर आत खिशातला कापूस किंवा गंज साचलाय, सर्व्हिस सेंटर गाठा.

वर 'फोन बंद करून' असं मी सहज म्हणालो, पण ते सहज नाही. बाजूचं बटण दाबून धरलं की फोन बंद न होता मदतनीस जागा होतो आणि काय सेवा करू म्हणून विचारतो. बंद करायला तेच बटण आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र धरायचं, किंवा सेटिंग्ज, ॲडव्हान्स्ड फीचर्स, साइड बटण इथे जाऊन मदतनिसाची बदली करायची. वैतागून तेच बटण पटापट पाच वेळा दाबू नका, आणीबाणीचा कॉल सुरू होतो. पलीकडे ११२ असतं, आणि त्यांना तुमचा फोन बंद करण्यात रस नसतो.

शंभरपट झूमबद्दल लिहिलं नाही तर मालक रागावतील. भिंगांचं खरं काम पाचपटीपर्यंत. त्यापुढे गणित, आणि शंभरावर समोरच्या इमारतीतलं वाळत घातलेलं धोतरही कीर्तनकारासारखं दिसतं. चंद्र मात्र सुरेख येतो. याच घराण्यातल्या फोनांबद्दल कंपनीने मार्च २०२३ मध्ये स्वतःच खुलासा केला: २५पट किंवा जास्त झूमवर 'सीन ऑप्टिमायझर' चंद्र ओळखतो, अनेक फोटो एकत्र करतो आणि शिकवलेल्या नमुन्यांवरून बारकावे वाढवतो. चंद्र पृथ्वीला कायम एकच बाजू दाखवतो, म्हणून त्याला ओळखणं सोपं. संकष्टीला याचा उपयोग होईल असं वाटतं, पण ढगाआड गेलेला चंद्र हा फोन आणू शकत नाही. श्रावणात रात्री साडेनऊला गच्चीवर उभी असलेली आत्या "एवढ्या पैशांत एवढंही नाही?" म्हणते, तेव्हा तिला पिक्सेलचा हिशेब सांगत बसू नये. कॅलेंडरातली चंद्रोदयाची वेळ दाखवावी.

शेवटी एक्सचेंज. आधी गूगल खातं फोनमधून काढा, पडद्याचं कुलूप काढा, मगच फॅक्टरी रीसेट करा. उलट क्रमाने केलंत तर पुसलेला फोन जुन्या खात्याचा पासवर्ड मागत बसू शकतो आणि घ्यायला आलेला मुलगा दारात घड्याळ बघतो. नव्या फोनवर यूपीआयची नोंदणी एसएमएसने होते, तेव्हा बँकेचं सिम त्यात असावं आणि त्यात एका मेसेजपुरते पैसे असावेत; बहुतेक बँका पहिले २४ तास ५,००० रुपयांच्या वर पाठवू देत नाहीत, तेव्हा सव्वा लाखाचा फोन घेतलेल्या दिवशी पाहुण्यांना हॉटेलात नेऊ नका. तो मुलगा *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, जुळवतो, बटणं दाबून बघतो, आणि कव्हर काढायला सांगतो. खालून नवी कोरी काच आणि बैठक घेऊन निवडलेला तो जांभळा रंग निघतो. "वापरलाच नाही का?" तो विचारतो, आणि ॲपने ठरवलेला भाव त्यामुळे एका रुपयाने वाढत नाही. कव्हर तो नेत नाही. ते तुमच्याकडेच राहतं, आणि नव्या फोनला बसत नाही. कॅमेऱ्याची भोकं दोन मिलिमीटरनी सरकलेली असतात.