जुन्या डेस्कटॉपला एसएसडी : त्या मेसेजमधलं काय खोटं, काय अर्धवट

गेल्या महिन्याभरात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. दोन गिऱ्हाइकं, एक मेहुणा आणि आमच्या इमारतीचे सेक्रेटरी. मथळा असा : ‘जुन्या कॉम्प्युटरला एसएसडी लावू नका, पैसे पाण्यात जातील.’ एसएसडी म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपांवर डेटा ठेवणारी डिस्क. खाली मुद्दे. जुना मदरबोर्ड एसएसडीला वेग देऊच शकत नाही. एसएसडी लिहून लिहून दोन वर्षांत झिजते. आठवडाभर बंद ठेवली तर डेटा उडतो. मुंबईच्या दमट हवेत ती टिकत नाही. एकदा गेली की काहीच परत मिळत नाही. आणि शेवटी सल्ला : रॅम वाढवा, नाहीतर सरळ नवं मशीन घ्या.

गिरगावात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एसएसडी बसवण्यापेक्षा नवं मशीन विकण्यात मला कितीतरी जास्त सुटतात, तेव्हा हे मी धंद्यासाठी लिहीत नाही. लिहितोय ते पाठच्या गल्लीतल्या डीटीपीवाल्या ताईंमुळे. लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं, मंडळाची पावतीपुस्तकं यावर त्यांचं घर चालतं. हा मेसेज वाचून त्यांनी मशीन भंगारात द्यायचं ठरवलं होतं आणि पतपेढीतून कर्जाचा अर्जसुद्धा आणला होता.

त्यांचं मशीन 2012 चं. एच61 चिपसेटचा बोर्ड, आय3 प्रोसेसर, 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्डडिस्क. मी घरी जाऊन बसलो आणि बटण दाबलं. कॅबिनेटच्या डब्यावरचा हार्डडिस्कचा लाल दिवा पेटला तो विझेचना. टास्क मॅनेजर उघडला, तर प्रोसेसर 9 टक्के आणि डिस्क 100 टक्के. डब्याला कान लावला की आत किर्र-टक, किर्र-टक. कोरलड्रॉ हे पत्रिका रचायचं सॉफ्टवेअर उघडून हातात येईपर्यंत घड्याळ लावून 6 मिनिटं 20 सेकंद गेले. ‘दादा, मी रोज बटण दाबते आणि कुकर लावते,’ ताई म्हणाल्या. ‘तिसरी शिट्टी झाली की येऊन बसते.’

आता पहिला मुद्दा घेतो, कारण सगळ्यात जास्त लोक त्यालाच फसतात. तो फसवा आहे कारण त्यात एक गोष्ट खरी आहे. एच61 बोर्डावर डिस्क जोडायची, सॅटाची, जी तोंडं असतात ती जुनी, सेकंदाला 3 गिगाबिटची, म्हणजे व्यवहारात जास्तीत जास्त 300 एमबीची. आजची सॅटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते. म्हणजे अर्धा वेग वाया जातो, हे बरोबर. मोठी फाइल एका जागेवरून दुसरीकडे टाकताना तो वाया जातोच.

पण ताईंचे ते 6 मिनिटं 20 सेकंद मोठ्या फाइलीत जात नव्हते. विंडोज सुरू होताना हजारो बारक्या फाइली वाचतं आणि त्या डिस्कभर विखुरलेल्या असतात. हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला 7200 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 8.33 मिलिसेकंद. हवा तो भाग वाचणाऱ्या सुईखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे 4 मिलिसेकंदांहून थोडं जास्त. त्याआधी सुईचा दांडा योग्य वर्तुळावर सरकायला आणखी 8-9 मिलिसेकंद. एक बारकी फाइल शोधायला असे 12-13 मिलिसेकंद गेले, की सेकंदाला जेमतेम 75-80 ठिकाणं गाठून होतात. ती किर्र-टक म्हणजे या दांड्याची धावपळ. अशा विखुरलेल्या वाचनात हार्डडिस्क सेकंदाला 1 एमबीसुद्धा धड देत नाही. एसएसडीत फिरणारं काही नाही, शोध मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात होतो आणि तेच वाचन सेकंदाला 20 ते 40 एमबीवर जातं. 300 ची मर्यादा त्याच्या आसपासही येत नाही.

लोकलने जाणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. विरार फास्ट ताशी किती किलोमीटर पळते यावर तुमची सकाळ ठरत नाही, फलाटावर किती वेळ ताटकळलात यावर ठरते. जुन्या बोर्डावर एसएसडी लावली की गाडी अर्ध्या वेगाने धावेल, पण फलाटावरचं ताटकळणं जवळजवळ संपतं. ताईंच्या मशीनवर तोच बोर्ड, तोच प्रोसेसर, तीच रॅम ठेवून फक्त डिस्क बदलली. बटणापासून कोरलड्रॉपर्यंत 48 सेकंद.

एक काम मात्र बसवणाऱ्याने करायला हवं आणि बरेच जण करत नाहीत. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, सॅटाचा मोड जुना आयडीई असेल तर तो नवा एएचसीआय करून घ्या, नाहीतर एकाच वेळी अनेक मागण्या हाताळायची डिस्कची सोय बंद राहते. पण आधीचं विंडोज तसंच ठेवून नुसता मोड बदललात तर निळा स्क्रीन येतो. आधी विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगायचं, मग बायोसमध्ये मोड बदलायचा, एकदा सेफ मोडमध्ये चालू होऊ द्यायचं आणि नंतर नेहमीसारखं सुरू करायचं. घाबरून उलटसुलट बटणं दाबू नका, एवढंच.

दुसरा मुद्दा झिजण्याचा. एसएसडीच्या पेशी झिजतात हे खरं, पण किती, याचा आकडा कंपनी स्वतः छापते. क्रूशिअलच्या बीएक्स500 मालिकेतल्या 240 जीबीच्या डिस्कवर 80 टेराबाइट लिहिण्याची हमी आहे, सॅमसंगच्या 870 इव्होच्या 250 जीबीवर 150 टेराबाइटची. घरच्या किंवा छोट्या ऑफिसच्या मशीनवर दिवसाला 20 जीबी लिहिलं जातं असं सढळ हाताने धरू. वर्षाला 7.3 टेराबाइट झाले. 80 टेराबाइट संपायला जवळजवळ 11 वर्षं लागतील आणि तेव्हाही डिस्क त्या दिवशी मरते असं नाही. दोन वर्षं कुठून आली, मला माहीत नाही. स्वतःची डिस्क तपासायची असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर उघडा, आजवर एकूण किती लिहिलं तो आकडा त्यात दिसतो. या भीतीपोटी कुणी व्हर्च्युअल मेमरी (रॅम कमी पडली की विंडोज डिस्कवर वापरतं ती जागा) बंद करायला सांगतं, ते तर मुळीच ऐकू नका. 4 जीबी रॅमच्या मशीनवर ती बंद केली की चालू काम मध्येच बंद पडतं.

‘आठवडाभर बंद ठेवली तर डेटा उडतो’ ही अफवा 2015 पासून फिरते आहे. जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेच्या तक्त्यावरून एक सादरीकरण झालं होतं, त्यातली टोकाच्या तापमानाची ओळ उचलून बातम्या झाल्या. मूळ मानक घरगुती एसएसडीसाठी असं म्हणतं : लिहिण्याची पूर्ण हमी वापरून संपलेली डिस्क, वीज न देता, 30 अंश तापमानात ठेवली तरी 1 वर्ष डेटा टिकला पाहिजे. पूर्ण झिजलेल्या डिस्कची ही किमान अट आहे. तुमची नवी डिस्क गणपतीत आठ दिवस गावाला गेलात म्हणून रिकामी होत नाही. फोटोंचा साठा कपाटात वर्षानुवर्षं पडून ठेवायला मात्र एसएसडी वापरू नका. त्या कामाला हार्डडिस्कच बरी.

दमट हवेचा मुद्दा दोन ओळींत संपतो. दमट हवा कनेक्टरांना गंज लावते, तो हार्डडिस्कच्याही लावते आणि रॅमच्याही. एसएसडीत मोटर नाही, सुई नाही. आमच्या दुकानात जूनपासून जी मशीनं येतात त्यात एसएसडीला पावसाचा म्हणून वेगळा त्रास झालेला मी पाहिलेला नाही.

पुढच्या मुद्द्यावर मात्र थांबायला हवं, कारण मेसेजमधला एवढाच मुद्दा मला खरोखर महत्त्वाचा वाटतो. हार्डडिस्क बहुतेक वेळा मरण्याआधी कुरकुरते. आवाज बदलतो, फाइली उघडायला वेळ लागतो, बॅड सेक्टर, म्हणजे तबकडीवरच्या खराब जागा, दिसू लागतात. एसएसडी पुष्कळदा काहीच न सांगता जाते. काल चालू होती, आज बायोसला दिसतही नाही. शिवाय विंडोज एसएसडीला पुसलेल्या जागा लगेच कळवतं आणि डिस्क त्या खरोखर रिकाम्या करते, म्हणून चुकून पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा फार थोडी. हे सगळं खरं आहे.

पण यातून ‘म्हणून हार्डडिस्कच ठेवा’ असा निष्कर्ष काढणं धोक्याचं आहे. हार्डडिस्कवरून डेटा ‘मिळतोच’ असं मानणारी किती माणसं मी रडवेली झालेली पाहिली आहेत! दोन वर्षांपूर्वी एक काका आले होते, वडिलांच्या हस्तलिखिताचे स्कॅन असलेली हार्डडिस्क घेऊन. ती टक-टक वाजायला लागल्यावरही त्यांनी ती चार दिवस चालू ठेवली होती, कारण कुणीतरी सांगितलं होतं की हार्डडिस्कमधून सगळं निघतं. सुई तबकडीला घासली होती. डिस्क धूळमुक्त खोलीत उघडावी लागणार होती, त्याचा खर्च मशीनपेक्षा जास्त सांगितला गेला आणि तेवढं करूनही निम्मी पानं गेली. त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती. डिस्क कोणत्या जातीची, हा तिथे प्रश्नच नव्हता.

म्हणून मी एसएसडी बसवतो तेव्हा जुनी हार्डडिस्क चांगली असेल तर डब्यातच राहू देतो. विंडोज आणि सॉफ्टवेअर एसएसडीवर, कामाच्या फाइलींची रोजची प्रत हार्डडिस्कवर. तिसरी प्रत डब्याबाहेर, पेनड्राइव्हवर किंवा एक्स्टर्नलवर. त्याआधी हार्डडिस्कची तब्येत त्याच क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघायची. रीअलोकेटेड (खराब म्हणून बदललेल्या) किंवा पेंडिंग (संशयित) सेक्टरचा आकडा शून्यावरून वाढत चालला असेल तर ती प्रतीसाठीही ठेवायची नाही.

राहिला शेवटचा सल्ला, रॅमचा आणि नव्या मशीनचा. रॅम वाढवणं चांगलंच, 4 ची 8 जीबी केलीत तर ब्राउझर सुखाने चालेल. पण रॅममुळे सुईचा दांडा भरभर धावत नाही, सकाळचं सुरू होणं तसंच रडतरखडत राहतं. एकाच गोष्टीपुरते पैसे असतील आणि रॅम 4 जीबी असेल, तर मी आधी एसएसडी घ्यायला सांगेन. रॅम 2 जीबी असेल तर दोन्ही लागतील.

नव्या मशीनचा आग्रह धरणाऱ्यांचं एक म्हणणं बरोबर आहे. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. 2012 चं मशीन त्यात बसत नाही. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात त्याला हा प्रश्न आहेच, आणि तिथे विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकटची सिस्टिम टाकून मी लोकांची सोय केली आहे. पण ताईंचं काम डीटीपीचं. त्यांची श्रीलिपी या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरची जुनी प्रत डोंगलवर (मशीनला लावायच्या परवान्याच्या किल्लीवर) चालते आणि दहा वर्षांच्या पत्रिकांचे साचे त्याच फाँटमध्ये आहेत. त्यांच्या मशीनचं इंटरनेट मी काढून ठेवलं. मेल त्या मोबाइलवर बघतात, फाइल पेनड्राइव्हने आणतात. पुढे कधी नवं मशीन घेतलंच तर ही एसएसडी त्यात जाईल.

एसएसडी कुठे लावू नये, हे मेसेजने सांगितलंच नाही. बोर्डावर सॅटाचं तोंडच नसेल, नुसती आयडीई या त्याहून जुन्या जोडणीची रुंद चपटी पट्टी असेल, तर खरंच पैसे घालू नका. जुन्या बोर्डाला एम.2 ची एनव्हीएमई डिस्क (नव्या बोर्डांसाठीची, सॅटाहून वेगवान एसएसडी) कार्डावर बसवून देतो असं कुणी म्हणालं तर विंडोज त्यावरून सुरू होईल का ते आधी विचारा, जुन्या बायोसला बहुधा ती ओळखता येत नाही. अडीच इंची सॅटा एसएसडीच घ्या. एसएमपीएसला (डब्यातल्या वीज देणाऱ्या खोक्याला) सॅटाची काळी चपटी पिन नसेल तर पांढऱ्या चार पिनांवरून जोडणारी केबल मिळते, पण जिचं तोंड एकसंध प्लास्टिक ओतून केलेलं असतं ती टाळा, त्या वितळल्याची आणि पेटल्याची उदाहरणं आहेत. आणि लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात घ्या नाहीतर ऑनलाइन, बिल घ्याच. 2 टीबीची डिस्क कुणी कवडीमोलाने देत असेल तर ती 2 टीबीची नसते, आकडा खोटा भरलेला असतो. एच2टेस्टडब्ल्यू हे सॉफ्टवेअर डिस्क पूर्ण भरून, परत वाचून खरी जागा सांगतं.

ताईंची जुनी डिस्क मी क्लोनझिला या हुबेहूब प्रत काढणाऱ्या सॉफ्टवेअरने एसएसडीवर उतरवली, त्यामुळे विंडोज नव्याने टाकावं लागलं नाही. त्या 500 जीबीवर पेंडिंग सेक्टर 3 निघाले, म्हणून ती डब्यात ठेवली नाही. मार्करने तारीख लिहून, कागदात गुंडाळून ताईंच्या हातात दिली. सांगितलं, ‘दोन महिने हिला फॉरमॅट मारायचा नाही, कुणाला द्यायची नाही. एखादा साचा राहून गेला असेल तर हिच्यातच सापडेल.’ कर्जाचा अर्ज त्यांनी कोरा परत केला. प्रतीसाठी 1 टीबीची एक्स्टर्नल हार्डडिस्क घेतली, तिच्यावर रोज संध्याकाळी सात वाजता फाइली उतरतात.