लोटलीच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. गोव्यात लोटलीला शांती आवेदना सदन आहे, बऱ्या न होणाऱ्या कॅन्सर रुग्णांची शेवटपर्यंत शुश्रूषा करणारं. त्यावर लिहिताना मरण देणाऱ्या इंजेक्शनला 'ख्रिस्ती मत' नकार देतं असं मी म्हटलं, त्याखाली तुम्ही विचारलंत: "क्रूसावरच्या वेदनेची पूजा करणाऱ्यांना माणूस तडफडलेला चालतो. विनोबांनी अन्न-औषध सोडलं तर आपण हात जोडतो, मग माझ्या वडिलांना एक इंजेक्शन का नाही?" वडिलांचे नळ्यांत गेलेले शेवटचे वीस दिवसही तुम्ही लिहिलेत. ते वाचून दोन दिवस मला उत्तर सुचलं नाही.

माझी आईही तशीच गेली. नाकातोंडात नळ्या, हात पलंगाला बांधलेले, आम्ही काचेबाहेर. आता सुधारणा नाही, हे डॉक्टरांनी नवव्या दिवशी स्पष्ट सांगितलं होतं. पण 'मशीन काढा' म्हणायची आम्हा भावंडांत कुणाची छाती झाली नाही. शेवटी बोलली ती आमची शेजारीण. रविवारचा एकही मिस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, न चुकवणारी बाई. माझा हात धरून म्हणाली, "बाय, तिका आतां वचूंक दी." तिला आता जाऊ दे. मला धक्काच बसला. हिच्या धर्मात हे चालतं? त्या प्रश्नापायी मी वाचायला लागले.

चालतं. पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये भूलतज्ज्ञांना सांगितलं होतं की असाधारण उपचार चालूच ठेवण्याचं बंधन रुग्णावर नाही. वेदना शमवण्यासाठीच औषध दिलं आणि त्याने आयुष्य थोडं कमी झालं, तरी ते देता येतं. व्हॅटिकनने १९८० च्या जाहीरनाम्यात हेच पुन्हा मांडलं. २००५ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल अखेरच्या दिवसांत परत इस्पितळात गेले नाहीत, स्वतःच्या खोलीतच वारले. तेव्हा त्या नळ्यांवरचा तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे, पण तो चर्चवर काढू नका. तिथे दोष आपला आहे, नातेवाइकांचा आणि इस्पितळांचा.

इंजेक्शनला मात्र चर्चचा ठाम नकार आहे. सगळ्या ख्रिस्ती लोकांचा नाही, आणि इथे तुम्ही माझी चूक बरोबर पकडलीत. दक्षिण आफ्रिकेचे अँग्लिकन आर्चबिशप डेस्मंड टुटूंनी २०१६ मध्ये, पंच्याऐंशीव्या वर्षी, मरणासाठी मदत मागण्याचा हक्क आपल्यालाही हवा असं जाहीर लिहिलं. मी कॅथलिक मत सरसकट 'ख्रिस्ती मत' म्हणून लिहायला नको होतं.

विनोबांचं १९८२ चं प्रायोपवेशन चर्चला पटणार नाही. शरीर घेऊ शकतं तोवर अन्नपाणी ही शुश्रूषा आहे, उपचार नव्हे, असं चर्च मानतं. इथे मी चर्चच्या बाजूने नाही, पवनारच्या, म्हणजे विनोबांच्या आश्रमाच्या, बाजूने आहे. पण विनोबांनी स्वतः ठरवलं आणि स्वतः केलं. दुसऱ्या कुणाला हात चालवावा लागला नाही.

माझी खरी भीती वेगळी आहे. आपल्याकडची म्हातारी माणसं एक वाक्य फार बोलतात: "हांव तुमकां वजें जालां." मी तुम्हाला ओझं झालेय. मुलगा आखातात, मुलगी लिस्बनला, घरात पगारी बाई. अशा आईला इंजेक्शन मिळतं हे कळलं, तर ती ते स्वतःसाठी मागणार नाही, मुलांची रजा संपत आली म्हणून मागेल. आणि आपण तिला विचारी म्हणू.

इंग्लंडच्या डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणाच्या वाटेवरच्या रुग्णांचं शुश्रूषागृह, उघडलं. त्या श्रद्धाळू होत्या, पण वेदना सोसून पुण्य मिळवा असं त्यांनी कधी सांगितलं नाही. त्यांनी मॉर्फीन घड्याळ लावून द्यायला शिकवलं, दुखणं उसळायच्या आधी. तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. वीस दिवसांत वडिलांना मॉर्फीन दिल्याचा उल्लेख कुठेच नाही. तुम्ही जे मागताय त्याच्या आधीचं इंजेक्शन, जे त्यांच्या हक्काचं होतं, तेच त्यांना मिळालं नसावं. मला राग आहे तो याचा.

मॉर्फीनही पुरत नाही अशी दुखणी असतात, हे मला ठाऊक आहे. त्या माणसाला काय सांगायचं, याचं उत्तर माझ्यापाशी नाही.

नळ्यांपुरती सोय मात्र आज आहे. शेवटी कोणते उपचार नकोत हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं, ते लिव्हिंग विल. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी, एवढं पुरतं. २०२४ मध्ये आपल्या गोव्यातल्या उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनकांनी स्वतःचं करून सुरुवात करून दिली. माझंही झालंय. एक प्रत मुलाकडे आहे, दुसरी त्या शेजारणीकडे.