त्या अर्जावर मी सही करणार नाही

दुपारपासून डोकं फिरलंय. मुलीच्या वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक अर्ज फिरतोय. सातवीतल्या एका मुलाने कंपासपेटी फेकून मारली, दुसऱ्याच्या भुवईला खोक पडली, टाके घालावे लागले. आता सगळ्या पालकांच्या सह्या घेऊन शाळेला सांगायचंय, याचा दाखला हातात द्या. खाली अंगठ्यांची रांग. एका काकांनी लिहिलंय, आमचे मास्तर कानाखाली वाजवायचे म्हणून आम्ही सुधारलो. अहो, त्या मुलाची आई याच ग्रुपमध्ये आहे! ती हे सगळं वाचतेय.

ज्याला लागलं त्याच्या आईचा संताप रास्त आहे, त्यावर वाद नाही. पण एवढ्या मेसेजमध्ये एकानेही विचारलं नाही, की हे नेमकं कधी होतं? कुठल्या तासाला? त्याच्या आधी काय घडलं होतं?

मी बीड जिल्ह्यात शिकवत होते तेव्हा सहावीत एक मुलगा होता. आईबाप ऊसतोडीला. दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड कारखान्याकडे निघायचं, ते परत यायचं उन्हाच्या तोंडाशी. मराठीच्या तासाला हा हमखास भांडण काढायचा. शेजारच्याला चिमटा, पुढच्याचं दप्तर खिडकीबाहेर. त्याला वर्गाबाहेर काढलं जायचं, तो निवांत लिंबाखाली जाऊन बसायचा. गणिताच्या तासाला मात्र एकदम शहाणा. मी एका वहीत नोंद ठेवायला लागले: वेळ काय, आधी काय चाललं होतं, याने काय केलं, मग मोठ्यांनी काय केलं. थोड्याच दिवसांत उलगडा झाला. प्रकट वाचन सुरू व्हायचं, पाळी याच्या बाकाजवळ यायची आणि नेमकं तेव्हाच भांडण पेटायचं. पोराला वाचताच येत नव्हतं. दर वर्षी अर्धी शाळा बुडलेली, वर्ग मात्र पुढे सरकत गेलेला. मुकादमाची उचल, म्हणजे ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेले पैसे, किती फिटली, किती अंगावर राहिली, हे तोंडी सांगणारा मुलगा जोडाक्षर आलं की घामाघूम व्हायचा. सगळ्यांसमोर अडखळण्यापेक्षा लिंबाखाली बसणं त्याला परवडत होतं. शाळा ज्याला शिक्षा म्हणत होती, ती त्याची सुटका होती. मग तो रोज भांडणार नाही तर काय?

आणि काका, तुमच्या त्या कानाखालीला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. शारीरिक शिक्षाही नाही आणि मानसिक छळही नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही. अतिगंभीर गुन्ह्यात सापडलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला प्रौढासारखं कोर्टात उभं करायचं का, हे ठरवण्याआधी बाल न्याय मंडळालाही त्याची मानसिक-शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि गुन्हा कुठल्या परिस्थितीत घडला हे तपासावं लागतं. तुम्ही बारा वर्षांच्या पोराचा निकाल चहा पिता पिता लावलात.

त्या ऊसतोडीच्या मुलाचं पुढे काय केलं, तेही सांगते, कारण 'लाड करायचे का मग' हा प्रश्न येणारच. लाड नाही केले. दप्तर फेकलं की ते उचलून, झटकून, ज्याचं त्याला द्यायला लावायचे. पण उद्या कुठल्या चार ओळी त्याच्या वाट्याला येणार, ते आदल्या दिवशीच सांगून ठेवायचे. शाळा सुटल्यावर व्हरांड्यात बसून दुसरीच्या पुस्तकातून जोडाक्षरं घ्यायचे. वर्गात पाळीने वाचणं बंद करून जोडीजोडीने वाचायला लावलं. आणि फारच कोंडल्यासारखं झालं तर भांडू नकोस, 'बाई, पाणी पिऊन येऊ?' एवढं म्हण, मी सोडीन, असं ठरवलं. सुरुवातीला तो सारखाच पाणी प्यायला जायचा. जाऊ दिलं. हळूहळू भांडणं कमी झाली. पूर्ण थांबली असं म्हणणार नाही. आणि दिवाळी झाली तसा तो पुन्हा आईबापाबरोबर गेलाच.

मान्य आहे, पन्नास-साठ पोरांच्या वर्गात, त्यात निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं गळ्यात, प्रत्येक मुलामागे वही ठेवणं शिक्षकाला जड जातं. हेही मान्य, की प्रत्येक मुलाचं कारण असं सरळ सापडत नाही. कधी घरात मारहाण असते, कधी अध्ययन अक्षमता, कधी बाहेर कोणी त्रास देत असतं. पण शोधायच्या आधीच सापडत नाही म्हणायचं?

आता जरा शांत झालेय. मघाशी त्या आईला फोन केला. बराच वेळ ती नुसती रडत होती. मग म्हणाली, 'ताई, घरी तो धाकटीला हाताने भरवतो, तिथे काय होतं कळत नाही.' शाळेने तिला आजवर तक्रारीच्या चिठ्ठ्या पाठवल्या, पण हे कुठल्या वेळी घडतं ते एकाही चिठ्ठीत नाही.

सोमवारी मुख्याध्यापकांना भेटायला मी तिच्याबरोबर जाणार आहे. निदान महिनाभर नोंद ठेवा, मधल्या सुट्टीत कोणीतरी मोठं माणूस तिथे उभं करा, टाके पडलेल्या मुलाची जागा बदला आणि समुपदेशकांची वेळ घेऊन द्या, एवढं लेखी मागणार आहोत. ग्रुपमधलं कोणी सोबत येणार असेल तर मला आजच मेसेज करा.