पीठ चालतं, किडे चालत नाहीत

परभणीतल्या एका कुरिअरवाल्यानं काल माझं पार्सल घ्यायला नकार दिला. पार्सल म्हणजे बाटलीत थोडं पीठ आणि त्यात तांबडे भुंगेरे. धान्याच्या गोदामातले, धुरीच्या गोळ्यांनाही दाद न देणारे. त्यांचा डीएनए पुण्यात वाचायचा होता. त्याचे लांब, अखंड धागे मिळायला किडा ताजा लागतो. स्पिरिटात पाठवावा तर "पेट घेईल", जिवंत पाठवावा तर "जीव आहे".

मागं एक मावशी उभ्या होत्या. पुण्यातल्या लेकीला ज्वारीचं पीठ पाठवायचं होतं. त्यांनी माझ्या हातातली बाटली घेऊन उजेडात धरली.

"अगं बया, हे तर आमच्या डब्यातले! पैसे भरून पाठवायलीस?"

"अभ्यासाला लागतात, मावशी."

"पुण्यात नाहीत का किडे?"

आता आली का पंचाईत! म्हटलं, तिथल्या किड्यांशी इथले ताडून बघायचेत. शिवाय विज्ञानानं लाड केले ते फळमाशीचे. तिचा जनुकसंच २००० साली वाचून झाला, भुंगेऱ्याचा २००८ साली. वास्तविक माशीच्या गर्भात शरीराचे सगळे खंड जवळजवळ एकदमच आखले जातात. भुंगेऱ्यात पुढचे आधी, बाकीचे शेपटीकडून एकेक. बहुतेक किड्यांची रीतही हीच.

"आमच्या भावकीनं घर वाढवलं तसं," मावशी म्हणाल्या. "मागं-मागं सरकत आमच्या परसात आले. मोजणी आणली तर म्हणतेत, भिंत आधीचीच हाय."

मोजणीचं प्रकरण बराच वेळ चाललं. कुरिअरवालाही हातातलं काम सोडून ऐकत होता. मग मावशी एकदम, "वाचून झालं की इकता का?"

"नाही, सगळ्या जगाला फुकट. २०११ मध्ये ठरलं होतं, पाच वर्षांत पाच हजार किडे वाचायचे."

"पाच वर्षांत? इलेक्शनला हुभारले होते का?"

मी हसले, पण मनात कुठंतरी लागलंच. पाच वर्षं सरली, तेवढ्यात पाच हजार काही झाले नाहीत. वाचलेल्या डीएनएचं भांडार सामायिक, वापरायला सगळे पुढं. पण त्यातली जनुकं निरखून चुका काढत बसणाऱ्याच्या पगाराचं बोललं की सगळे घड्याळ बघतात. आणि गोदामात गुडघ्यावर बसून किडे चाळणारीला कुरिअरचा खर्चही पदरचाच.

तेवढ्यात मावशींचं पीठ काट्यावर गेलं. चाळलं नाही, उघडलं नाही, पावती फाडली. त्यात माझ्या बाटलीपेक्षा जास्त भुंगेरे असणार, पैज लावते.

"मॅडम, तुम्ही प्राचार्यांचं पत्र आणा," कुरिअरवाला म्हणाला. "किडे निरुपद्रवी आहेत, असं."

साठवणीतल्या धान्याची नासाडी करतात म्हणून तर मी त्यांचा अभ्यास करते! तसं सांगितलं.

"मग तर अजिबातच नाही," म्हणाला.