वजन विचारतात, मांडी मोजत नाहीत

खोगीर घ्यायचे आहे असे म्हटल्याबरोबर समोरचा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो वजनाचा, आणि वजनाचा आकडा कानावर पडताच तितक्याच ठामपणे बैठकीचा, म्हणजे खोगिरातल्या बसायच्या जागेचा, इंचांतला आकडा सांगून मोकळा होतो. पुण्यातला दुकानदार असो, फोनवर माल विकणारा असो की रायडिंग क्लबातला एखादा सर्वज्ञ हौशी असो, या बाबतीत सगळ्यांचे विलक्षण एकमत आहे. मी अंगाने बारीक आणि उंच आहे, आणि माझी उंची बहुतेक सारी पायांत आहे. "ताई, तुम्ही अंगानं बारीक, तुम्हाला सोळा लई झालं," हे वाक्य मी इतक्यांच्या तोंडून ऐकले आहे की आता त्याची सुरुवात झाली तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

वास्तविक खोगिराच्या बैठकीचे माप मुख्यतः स्वाराच्या मांडीच्या लांबीवर आणि काही अंशी त्याच्या बसण्याच्या भागाच्या ठेवणीवर ठरते. वजनकाट्याचा त्याच्याशी दूरचाच संबंध आहे. खुर्चीत ताठ बसावे, पाठ भिंतीला टेकवावी, गुडघे काटकोनात ठेवावेत आणि ढुंगणाच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत टेप धरावी, एवढीच ती कृती आहे. माझे माप २२ इंच भरते. प्रचलित तक्त्यांप्रमाणे २१.५ ते २३ इंच मांडीच्या माणसाला इंग्लिश पद्धतीच्या खोगिरात १७.५ इंचांची बैठक लागते, आणि १६ इंचांची बैठक १६.५ ते १८.५ इंच मांडीच्या माणसासाठी, म्हणजे बहुधा शाळकरी मुलांसाठी असते. शिंप्याकडची साधी टेप आणि एक मिनिट, यापलीकडे या कामाला काहीही लागत नाही. कोल्हापुरी चपलेचा कारागीरसुद्धा कागदावर पाऊल ठेवायला लावून पेन्सिल फिरवतो, मग चामड्याला हात घालतो. आणि महिन्याच्या पगाराएवढी किंमत सांगणाऱ्या या मंडळींना मात्र गिऱ्हाइकाचे माप घेणे हा आपला अपमान वाटतो.

त्यात दोन मापांचा घोळ. खोगिराला दोन मापे असतात आणि ती दोन वेगळ्या जिवांची असतात. बैठक स्वाराची, आतल्या सांगाड्याची, म्हणजे ट्रीची, रुंदी घोड्याची. माझी घोडी काठेवाडी आहे, खांद्यामागे अरुंद आहे, म्हणून मी अरुंद ट्री आणि मोठी बैठक मागते. त्यावर फोनवरचा माणूस चक्क हसतो आणि म्हणतो, "मोठं पाहिजे का लहान, ते एकदा ठरवा मॅडम." दुसऱ्या एकाने तर, ट्री रुंद हवी असेल तर अठरा इंची घ्यावे लागेल, असे मला समजावून सांगितले; म्हणजे स्वाराची मांडी वाढली की घोड्याचे खांदेही आपोआप रुंदावतात, असा काहीतरी शोध त्याने लावलेला असावा. वेस्टर्न पद्धतीच्या, म्हणजे अमेरिकन गुराख्यांच्या धर्तीच्या, खोगिराची गोष्ट आणखी निराळी. तिथे माप वेगळ्या ठिकाणापासून घेतात, त्यामुळे आकडा इंग्लिश खोगिरापेक्षा साधारण दोन इंचांनी कमी येतो, आणि १५ इंचांचे वेस्टर्न खोगीर हे साधारण १७ इंचांच्या इंग्लिश खोगिराच्या बरोबरीचे असते. हे ठाऊक नसलेल्या एका विक्रेत्याने, "ते पंधराचं पोरांचं आहे," असे म्हणून मला ते नुसते दाखवायलाही नकार दिला.

शेवटी एकाला मी माझ्या मांडीचे माप, घोडीच्या खांद्याच्या ठेवणीचा कागदावर काढलेला आकार आणि मागणी, असे सगळे लेखी पाठवले, आणि त्याने "साडेसतरा पाठवतो, काळजीच नको," असे उत्तर दिले. माल गोणपाटात गुंडाळून आला. स्वाराच्या पायाखाली बाजूला लोंबते त्या चामड्याच्या पट्टीखाली १७.५ असा ठसा स्पष्ट उमटवलेला होता आणि बिलावरही तोच आकडा होता. इंग्लिश खोगीर मोजायची पद्धत अशी की, पुढच्या उंचवट्याच्या बाजूला जो खिळा असतो त्याच्या डोक्यापासून मागच्या उंचवट्याच्या मध्यापर्यंत टेप सरळ ताणायची. मी टेप ताणली; १६.५ इंच. मग दुसऱ्या बाजूच्या खिळ्यापासून ताणली, १६.२५ इंच. म्हणजे बैठक इंचभर आखूड होतीच, वर तिची एक बाजू दुसरीशी जुळतही नव्हती. मी टेपेसकट फोटो पाठवले, तर उत्तर आले, "ताई, चामडं आहे, वापरून सैल होतं." चामडे सैल होते हे मलाही माहीत आहे, परंतु चामड्याच्या आत लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा सांगाडा असतो आणि तो कितीही घोडदौड केली तरी इंचभर लांबत नाही. "एकदा बसून तर बघा," असा आग्रह मग त्यानेच धरला.

बसून पाहिले. संगम माहुलीच्या बाजूला नदीकाठच्या मातीच्या वाटेवर घोडीला दुडक्या चालीवर घेतले, आणि पहिल्या काही टापांतच जे कळायचे ते कळले. स्वाराच्या मागे बैठकीत चार बोटे जागा उरावी लागते. इथे मी मागच्या उंचवट्यावरच चढून बसले होते आणि माझे गुडघे पट्टीच्या पुढे बाहेर आले होते. अशा बैठकीत मांड पक्की बसणे शक्यच नसते, कारण तोल सांभाळण्यासाठी स्वार नकळत मागे रेलतो, पाय पुढे जातात आणि सगळा भार खोगिराच्या मागच्या भागावर पडतो. परत आल्यावर खोगीर उतरवले. घोडीची पाठ घामाने भिजलेली होती आणि कमरेच्या अलीकडे दोन्ही बाजूंना हाताच्या तळव्याएवढे दोन कोरडे डाग होते. दाब जिथे सर्वांत जास्त पडतो तिथे घामसुद्धा येत नाही, त्याचे ते डाग. आमच्या मोतद्दार मामांनी त्यांवरून हात फिरवला आणि काही न बोलता तिच्या खांद्यामागची जुनी खूण बोटाने दाखवली. आधीच्या मालकाकडे कुठलेसे न बसणारे जीन बरेच दिवस वापरले गेले होते, आणि त्या जागी तिच्या लालसर अंगावर रुपयाएवढे पांढरे केस कायमचे उगवलेले आहेत. दाबाने कातडीला इजा झाली की केस असे पांढरे येतात. म्हणून, "सुरुवातीला असंच वाटतं, सवय होईल," असे जेव्हा कुणी म्हणतो, तेव्हा सवय कुणाला व्हायची आहे, एवढे त्याने आधी सांगावे.

माझ्यासारखा लांब मांडीचा स्वार आणि आखूड पाठीची घोडी या दोघांना एकच खोगीर जमवणे सोपे नाही, हे मला मान्य आहे. घोड्याला बरगड्यांच्या १८ जोड्या असतात आणि खोगिराचा भार शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. त्यामुळे बैठक मनमानी वाढवता येत नाही. खालच्या गाद्या मागच्या टोकाला वर वळवलेल्या असल्या तर बैठक मोठी ठेवूनही पाठीवरची जागा कमी व्यापता येते, आणि पट्टी पुढच्या बाजूला जास्त कापलेली असली तर लांब मांडी अर्ध्या इंचाने लहान बैठकीतही सामावते. खोल बैठकीचे ड्रेसाजचे, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या कवायतीचे, खोगीर आणि उथळ बैठकीचे, अडथळ्यांवरून उड्या मारण्यासाठीचे जंपिंग खोगीर यांवर एकच आकडा छापलेला असला तरी बसायला मिळणारी जागा सारखी नसते. खोगीर विकणाऱ्याने हे सगळे गिऱ्हाइकाला सांगायचे असते. मी पट्टीच्या कापाबद्दल विचारले, तर मला रंग काळा हवा की तपकिरी, असे विचारण्यात आले.

आपल्या देशात खोगिरे बनतच नसती तर एक वेळ गप्प बसले असते. कानपूरच्या खोगिरांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे आणि तिथला माल युरोप-अमेरिकेत जातो. तिथल्या स्वाराला चुकीच्या मापाचे खोगीर पाठवले तर तो ते मुकाट्याने ठेवून घेईल, असे कुणालाही वाटत नसेल. इथल्या गिऱ्हाइकाबद्दल मात्र तसे खुशाल वाटते. आणि आमचा जिल्हा काही घोड्याला परका नाही. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यात झाला; आषाढीच्या वाटेवर माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण आजही याच जिल्ह्यात, तरडगावाजवळ चांदोबाच्या लिंबाशी होते; पाचगणीच्या टेबललँडवर आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर पर्यटक घोड्यावर बसून फोटो काढतात. तरीही माप घेऊन खोगीर बसवून देणारा, गादीतली लोकर कमीजास्त करून देणारा एक माणूस मला अख्ख्या साताऱ्यात मिळत नाही. जुन्या फौजेत बारगिराला घोडा आणि सामान सरकारातून मिळे. तो मिळेल त्यावर बसे. मी शिलेदार आहे. घोडी माझी, पैसा माझा, तेव्हा मापही माझेच असले पाहिजे.

माझी मागणी फार मोठी नाही. विकणाऱ्याने खिळ्यापासून मागच्या उंचवट्यापर्यंतचे खरे माप दोन्ही बाजूंनी, टेप लावलेल्या फोटोसह द्यावे, ट्रीची रुंदी आणि पट्टीची लांबी वेगवेगळी लिहावी, आणि खोगीर आठवडाभर घोड्यावर चढवून पाहू द्यावे. या शेवटच्या मुद्द्यावर तर सगळेच अंगावर येतात. मी ते साडेसतराचे म्हणून आलेले साडेसोळा परत घ्या असे कळवले, तर गादीवर घामाचा डाग पडला आहे, त्यामुळे हा आता वापरलेला माल झाला आणि वापरलेला माल परत घेतला जात नाही, असे उत्तर आले. बसून बघा असे सांगणारा हाच माणूस होता. घोडीला घाम न येऊ देता तिच्या पाठीवर खोगीर कसे बसते हे ओळखायची युक्ती त्याला ठाऊक असेल, तर त्याने साताऱ्याला यावे आणि मला ती करून दाखवावी; येण्याजाण्याचे भाडे मी देते.